कुठं सापडलं? – ह. धी. सांकलिया यांची गोष्ट

मागच्या उन्हाळ्यात आमचं अंबरपेठचं जुनं घर पाडलं. सहा नंबरच्या चौकाजवळच्या गल्लीतलं बैठं घर. आजोबा मूळचे जालन्याचे. रेल्वेच्या नोकरीपायी काचीगुड्याला आले आणि इथलेच झाले. आधी ते गेले, मग आजी गेली, आणि शेवटी बाबा आणि काकांनी जागा फ्लॅटसाठी द्यायचं ठरवलं. भिंती दोन दिवसांत जमीनदोस्त झाल्या. तिसऱ्या दिवशी जेसीबीनं पायाचा खड्डा खणायला घेतला. मी कडेला उभी राहून बघत होते.

दुपारी एका मजुरानं हाक मारली आणि माझ्या हातावर काहीतरी ठेवलं. निळ्या काठाच्या बशीचा तुकडा, बाटलीचा गळा, आणि मातीनं माखलेलं नखाएवढं एक पदक. पुसून पाहिलं तर मरिया मातेचं. आमच्याच घरातलं ते, यात शंका नाही. पण ते जमिनीखाली गेलं कसं? आमच्यातली काही कुटुंबं घर बांधताना आशीर्वादित पदक उंबऱ्याखाली ठेवतात. आजीनं तसं ठेवलं होतं का? की स्वयंपाकघरातल्या फरशीच्या फटीतून ते कधीतरी खाली गेलं? ते उंबऱ्याखाली होतं की आतल्या खोलीत, एवढं कळलं असतं तरी पुरे होतं. कुठं सापडलं, असं मी त्याला विचारलं. त्यानं ट्रकमध्ये भरलेल्या मातीकडे हात केला. आजी असती तर तिला विचारलं असतं.

मंडळाच्या या अंकासाठी चरित्रलेख लिहायचं मी कबूल केलं होतं, आणि त्या दिवसांत पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांच्याबद्दल वाचत होते. माझ्या लक्षात आलं, की मी त्या दुपारी जो प्रश्न उशिरा विचारला, तो या माणसानं पन्नास वर्षं वेळेवर विचारला. म्हणून ही त्यांची गोष्ट.

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत, वकिली करणाऱ्या एका गुजराती कुटुंबात झाला. मूल इतकं अशक्त होतं, की ते जगेल असं घरच्यांना वाटत नव्हतं. पुढे हाच मुलगा नर्मदेच्या आणि गोदावरीच्या काठानं उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालला. पंधराव्या वर्षी त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या 'आर्क्टिक होम इन द वेदाज'चा गुजराती अनुवाद आला. त्यातलं त्यांना फारसं कळलं नाही. पण आर्य कोण, ते आले कुठून, याचा आपण शोध घ्यायचा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. टिळकांना संस्कृत आणि गणित येत होतं, म्हणून यांनीही संस्कृत आणि गणिताचा ध्यास घेतला. पंधराव्या वर्षी आपण सगळेच असले बेत करतो. फरक एवढाच, की त्यांनी तो सोडला नाही.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांना फादर हेन्री हेरास भेटले. हेरास हे स्पेनहून आलेले जेझुइट धर्मगुरू आणि इतिहासाचे प्राध्यापक. १९२६ मध्ये त्यांनी कॉलेजात इतिहास संशोधनाची संस्था सुरू केली होती. त्यांच्या हाताखाली सांकलियांनी एम. ए.साठी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला आणि १९३४ मध्ये तो पुस्तकरूपानं निघाला. कॅथलिक धर्मगुरूच्या मार्गदर्शनाखाली एक गुजराती हिंदू मुलगा बौद्ध विद्यापीठाचा इतिहास लिहितो, यात तेव्हा कुणाला काही विशेष वाटलं नसावं. मला मात्र आपल्या कॉलेजात बसून ते वाचताना बरं वाटलं. घरच्यांच्या इच्छेखातर त्यांनी कायद्याची पदवीही घेतली. ती कपाटात राहिली.

मग लंडन. तिथं डॉक्टरेटसाठी त्यांनी गुजरातचं पुरातत्त्व हा विषय घेतला. पण माझ्या मते त्यांचं खरं शिक्षण झालं ते डॉर्सेटमधल्या मेडन कॅसल नावाच्या टेकडीवर. मॉर्टिमर व्हीलर यांचं उत्खनन तिथं चालू होतं आणि सांकलिया त्यात शिकाऊ म्हणून सामील झाले. व्हीलर शिस्तीचे कडक. खड्डा चौकोनी हवा, त्याच्या बाजू सरळ उभ्या तासलेल्या हव्यात, आणि त्या बाजूंवर मातीचे जेवढे थर दिसतात तेवढे कागदावर उतरले पाहिजेत.

थर म्हणजे काय, ते आपल्याच गल्लीत पाहता येतं. पाइपलाइनसाठी रस्ता फोडला की कडेला नीट बघा. वर या वर्षीचं डांबर, खाली आधीचं डांबर, मग खडी, मग मुरूम, मग काळी माती. खालचं आधीचं, वरचं नंतरचं. खडीच्या थरात दहा पैशांचं नाणं मिळालं, तर ती खडी ते नाणं पाडल्यानंतरच पडली, हे नक्की. तेच नाणं ढिगाऱ्यात मिळालं तर ते नुसतं नाणं. व्हीलर यांच्याकडून सांकलिया हे शिकून आले: वस्तू उचलण्याआधी तिची जागा लिहून ठेवायची.

१९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं आणि सांकलिया तिथं प्राध्यापक झाले. टिळक याच कॉलेजचे विद्यार्थी. समाजशास्त्राला इरावती कर्वे होत्या. काही वर्षांतच या दोघांनी मिळून गुजरातमधल्या लांघणजला उत्खनन केलं आणि तिथं मध्याश्मयुगातल्या माणसांचे सांगाडे मिळाले. मराठीच्या विद्यार्थ्यांना इरावतीबाई लेखिका म्हणून ठाऊक असतात. मातीत बसून हाडं मोजणाऱ्या इरावतीबाई मला तरी नव्याच होत्या.

आता कोल्हापूर. शहराच्या पश्चिमेला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचं टेकाड आहे. शहर वाढत होतं, जागा हवी होती, आणि टेकाड सपाट करायचं काम निघालं होतं. माती हलली तशा जुन्या वस्तू दिसू लागल्या. राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदणगार यांनी तिथं लक्ष घातलं, आणि १९४४ मध्ये धातूच्या वस्तूंचा एक मोठा साठाच हाती आला. त्यात हत्तीवर बसलेल्या माणसांचं एक सुंदर काशाचं शिल्प होतं, ते इथलंच. पण त्याच साठ्यात एक दाढीवाला, उघडा, पिळदार अंगाचा देव होता. हा पोसायडन, ग्रीकांचा आणि रोमनांचा समुद्रदेव. उंचीला वीतभरही नाही. शिवाय रोमन घडणीचे जग, आणि पर्सियस व अँड्रोमेडा यांची ग्रीक कथा कोरलेली एक गोल तबकडी. अंबाबाईच्या कोल्हापुरात, समुद्रापासून घाट चढून आल्यावर, रोमन समुद्रदेव!

रोम म्हटलं की लहानपणापासून मला फक्त पोप आठवायचे. रोमचा आणि आपल्या दख्खनचा संबंध ख्रिस्ती धर्माच्याही आधी व्यापाराचा होता, हे मला या निमित्तानं नीट कळलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं प्रवासवर्णन आहे. त्यात पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर आहे. पैठणचे रंगीत दगड आणि तेरचं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचं. तिकडून इटलीची दारू, तांबं, कथील, पोवळी यायची. भर पडायची ती नाण्यांची.

ही नाणी आपल्या तेलंगणातही आहेत. नलगोंडा भागात अक्कनपल्लीला ऑगस्टस आणि टायबेरियस या सम्राटांची दीड हजारांवर चांदीची नाणी एकत्र सापडली. शुभवर्तमानात येशूला कैसराचा मुखवटा असलेलं नाणं दाखवतात तो प्रसंग आठवा. तेव्हाचा कैसर हा टायबेरियसच. रविवारी मिस्साला ऐकलेल्या गोष्टीतलं नाणं आपल्या शेजारच्या जिल्ह्यात येऊन पडलं होतं! आणि कोंडापूर. हैदराबादकर म्हणतील, आयटीवाल्यांचं ना? ते नव्हे. संगारेड्डीकडचं कोंडापूर. तिथं निजामाच्या राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी १९४० च्या सुमारास सातवाहनांचं एक नगर उकरलं. तिथंही रोमन सम्राटाचं सोन्याचं नाणं मिळालं. आजोबांच्या जालना जिल्ह्यातही असंच. भोकरदनला १९७३ च्या उत्खननात हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला, आणि तिच्या जवळची बहीण म्हणावी अशी भारतीय बनावटीची हस्तिदंती मूर्ती इटलीत, ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ मध्ये सापडली होती. म्हणजे इकडचा माल तिकडे आणि तिकडचा इकडे.

तर ब्रह्मपुरीचा पोसायडन मिळाला. वर्तमानपत्रांसाठी गोष्ट इथं संपली असती. सांकलियांच्या दृष्टीनं ती इथं सुरू झाली. हा देव कोणत्या घरात होता? त्या घरात राहणारे लोक काय खात होते, कशात शिजवत होते? त्यांच्या आधी तिथं कोण होतं, नंतर कोण आलं? नुसत्या मूर्तीला यातलं काही सांगता येत नाही. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित ब्रह्मपुरीवर आले आणि टेकाडाचा जो भाग शाबूत होता तिथं त्यांनी थर मोजत खणायला घेतलं.

त्यांना दुसरा पोसायडन मिळाला नाही. मिळालं ते एक गाव. खाली सातवाहन काळातली विटांची घरं, त्यांच्या वेळची नाणी, लाल चकचकीत खापरं, मणी. वरच्या थरांत मध्ययुग, बहमनी काळ, काचेच्या बांगड्या. दीक्षित पुढे भारतातल्या मण्यांचे आणि काचेचे मोठे जाणकार झाले. सातवाहनांची नाणी ज्या थरात, त्या थरातली खापरंही त्याच काळची. असं करत करत एका टेकाडाचं कालपत्रक तयार झालं. या उत्खननाचा अहवाल १९५२ मध्ये डेक्कन कॉलेजनं छापला. पोसायडन आणि हत्तीस्वार आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. तुम्ही महालक्ष्मीच्या दर्शनाला गेलात तर तिथंही जा.

त्याच सुमाराला, १९४५ मध्ये, व्हीलर पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला खणत होते. ते एव्हाना भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले होते. अरिकमेडूला इटलीत बनलेली लाल खापरं मिळाली. ती भांडी इटलीत कोणत्या वर्षांत बनत होती ते आधीच ठाऊक होतं. म्हणून ज्या थरात ती खापरं, तो थर पहिल्या शतकाच्या आसपासचा. दक्षिण भारतातल्या मुक्या खापरांना तारीख मिळाली ती अशी. रोमन वस्तूंचं मोल त्या परदेशी आहेत किंवा देखण्या आहेत यात नाही. मातीच्या थरात त्या कॅलेंडरच्या पानासारख्या असतात. फक्त पान कुठल्या थरातून निघालं ते माहीत हवं.

पुढची पंचवीस वर्षं सांकलिया चालत आणि खणत राहिले. नाशिक, जोर्वे, नर्मदेकाठचं नावडातोली, राजस्थानातलं आहाड. १९५४ ते ५६ मध्ये नेवासे. होय, ज्ञानेश्वरीचं नेवासे. तिथल्या लाडमोड टेकाडात एकाच जागी अश्मयुगापासून मराठा काळापर्यंतचे टप्पे मिळाले. त्यातल्या सातवाहन टप्प्याला त्यांनी इंडो-रोमन असं नाव दिलं, कारण तिथंही दूरदेशीचे दारूचे रांजण फुटून पडले होते. निवृत्तीच्या आधी भीमा खोऱ्यात इनामगावचं उत्खनन सुरू झालं आणि तीन हजार वर्षांपूर्वीचा मराठी मुलखातला शेतकरी घरादारासकट पुढे आला.

आणि ते आर्य? पंधराव्या वर्षी ज्यांच्या शोधात निघाले, ते त्यांना नक्की असे कुठं भेटले नाहीत. भेटली दगडी हत्यारं, ज्वारी-बाजरीच्या आधीची धान्यं, मुलांना रांजणात घालून घराच्या जमिनीखाली पुरणारे आईबाप. मला वाटतं, या माणसाचा मोठेपणा इथं आहे. प्रश्न टिळकांच्या पुस्तकातून घेतला, पण उत्तर मातीला विचारलं, आणि मातीनं जे दिलं ते घेतलं. रामायणातली लंका मध्य भारतात असावी असं मत त्यांनी मांडलं तेव्हा लोक खूप रागावले. ते मत सगळ्यांना पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्यांनी ते लपवून ठेवलं नाही.

त्यांच्या पिढीचे काही निष्कर्ष नंतर बदललेही. चक्राकार नक्षीची एक काळी, तुळतुळीत थाळी अरिकमेडूपासून अनेक ठिकाणी मिळते. ती रोमन जगातून आली असं व्हीलर समजत होते. पुढे डेक्कन कॉलेजच्याच विश्वास गोगटे यांनी तिच्या मातीचं क्ष-किरणांनी परीक्षण केलं, तर ती माती बंगालकडची निघाली. म्हणजे थाळी आपलीच. ही चूक सुधारता आली, कारण खापराचे ते क्षुल्लक तुकडे कुणीतरी जपले होते आणि कोणता तुकडा कुठला ते लिहून ठेवलं होतं. नोंद असली तर आपल्यामागून येणारा माणूस आपली चूक काढू शकतो. सांकलियांनी विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांना हेच काम शिकवलं.

१९७३ मध्ये ते निवृत्त झाले, १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७८ मध्ये इंग्रजीत आत्मचरित्र आलं. म. श्री. माटे यांच्याबरोबर त्यांनी मराठीत 'महाराष्ट्रातील पुरातत्त्व' हे पुस्तकही लिहिलं. मातृभाषा गुजराती, आयुष्य पुण्यात, आणि काम निम्म्या भारतात. २८ जानेवारी १९८९ रोजी ते गेले.

हे सगळं वाचून मी पुन्हा आमच्या प्लॉटवर गेले, तेव्हा खड्ड्यात सळ्या उभ्या राहिल्या होत्या.

आपल्याकडे १८७८ चा एक कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर कलेक्टरला कळवायचं. संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, असाही नियम आहे. पण खापराच्या तुकड्याची किंमत दहा रुपये कोण धरणार? आणि जिथं वास्तू दिसतच नाही, जमिनीखाली आहे, तिथं शंभर मीटर मोजायचे कुठून? ब्रह्मपुरी कोणाच्या यादीत नव्हती. टेकाड सपाट होऊ लागलं तेव्हा ती दिसली, आणि दिसेपर्यंत काही भाग गेला होता.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. लंडनला १९५४ मध्ये ऑफिसच्या नव्या इमारतीसाठी खणताना मिथ्र देवाचं रोमन मंदिर निघालं. ते बघायला हजारो लोक रांगा लावून उभे राहिले. मग इमारत तर व्हायला हवी, म्हणून मंदिराचे दगड उचलले आणि थोड्या अंतरावर रस्त्याच्या कडेला पुन्हा रचले, तेही धड नाही. त्याच जागी पुन्हा नवी इमारत बांधायची वेळ आली तेव्हा आधी पुरातत्त्वज्ञांना खणू दिलं, आणि चारशेवर लाकडी पाट्या मिळाल्या, रोमन लोकांनी हिशेब आणि पत्रं लिहिलेल्या. २०१७ पासून ते मंदिर इमारतीच्या तळघरात, मूळ जागेजवळ, लोकांना बघता येतं. त्यांनाही मंदिर परत जागेवर आणायला साठ वर्षं लागली.

अंबरपेठेत रोज कुठं ना कुठं पाया खणला जातो. प्रत्येक खड्ड्यात पोसायडन नसतो, आणि आपण सगळे सांकलिया होणार नाही. घरं तर लागतातच. आम्हालाही फ्लॅट हवाच होता. पण जेसीबी मातीला लागण्याआधी एक दिवस फोन घेऊन घरभर फिरायला, कोणती खोली कुठं होती त्याचा कागदावर नकाशा काढायला, आणि खणणाऱ्या दादांना आधीच सांगून ठेवायला पैसे लागत नाहीत, की काही निघालं तर हलवू नका, मला बोलवा. मी हे केलं नाही.

आता करतेय ते एवढंच. बाबा, काका आणि आत्या यांना वेगवेगळं बसवून प्रत्येकाकडून जुन्या घराचा नकाशा काढून घेतलाय. तिघांचे तीन नकाशे निघाले. चूल कुठं होती यावर तिघांचं एकमत आहे, उंबऱ्यावर नाही. पदक एका छोट्या डबीत ठेवलंय. त्यासोबत चिठ्ठी आहे. तिच्यावर तारीख लिहिली, अंबरपेठ लिहिलं, मजुराकडून मिळालं असं लिहिलं. जागा या शब्दापुढची ओळ तेवढी कोरी आहे.